मेंदूची जुनी जखम व नवा शोक

सोमाटणे फाट्याजवळ अपघात घडला, की आपण टाके निघण्याची वाट पाहतो. परंतु मेंदूची जखम टाक्यांसवे सरत नाही.

१९६२ साली बार्बाडोस येथे चेंडू लागून नरी कॉन्ट्रॅक्टर यांची कवटी भंगली. प्रतिपक्षाचे कर्णधार फ्रँक वॉरेल यांनी त्यांस आपले रक्त दिले. नरी पुन्हा खेळले. कसोटी सामना मात्र पुन्हा लाभला नाही. बरे होणे म्हणजे पूर्ववत् होणे नव्हे.

अशा मनुष्याच्या घरी मृत्यू आला, तर विस्मरण, संताप व थकवा पुन्हा उसळू शकतात. ती श्रद्धेची उणीव समजू नये. लाजराच्या कबरेपाशी प्रभूही रडला. त्यास विश्रांती द्यावी, एका वेळी एकच काम सांगावे, डॉक्टरांकडे न्यावे. वॉरेलने रक्त दिले. आपण निदान वेळ द्यावा.