पेशीचा श्वास आणि तीन अटी

(कोन, ता. भिवंडी येथे बायकांच्या बैठकीत केलेलं भाषण)



मला आहारावर बोलायला सांगितलंय. ते येईलच. पण आधी एका बाईंबद्दल बोलते : कमला सोहोनी, माहेरच्या भागवत, दुर्गाबाई भागवतांची धाकटी बहीण.

१९३३ साली मुंबईत पहिल्या नंबरानं बी.एस्सी. होऊन त्यांनी बंगलोरच्या टाटा विज्ञान संस्थेकडे अर्ज केला. संचालक होते सी. व्ही. रामन, नोबेल मिळालेले. त्यांनी मुलगी म्हणून अर्ज नाकारला. कमलाबाई थेट बंगलोरला गेल्या आणि कारण सांगा म्हणून हटून बसल्या. शेवटी प्रवेश मिळाला, पण अटींवर. पहिलं वर्ष नियमित विद्यार्थिनी धरणार नाही. मार्गदर्शक सांगतील तेव्हा, रात्रीसुद्धा, काम करावं लागेल. आणि तिसरी अट अशी, की तिथल्या पुरुषांचं लक्ष विचलित होता कामा नये. म्हणजे पुरुषांचं लक्ष सांभाळायची जबाबदारीही हिचीच! त्यांनी अटी मान्य केल्या, श्रीनिवासय्यांच्या हाताखाली दूध आणि कडधान्यांतल्या प्रथिनांवर काम केलं, आणि १९३६ला एम.एस्सी. झाल्या. पुढे तिथं इतर मुलींनाही प्रवेश मिळू लागला. ही गोष्ट आपण अभिमानानं सांगतो, पण त्या स्वतः अखेरपर्यंत हा अपमान विसरल्या नव्हत्या.

मग केंब्रिज. तिथं त्यांनी काम केलं बटाट्यावर. टोपलीतला बटाटा आपल्याला निर्जीव वाटतो, पण तो श्वास घेत असतो. इथल्या गोडाऊनमध्ये काम करणाऱ्यांना माहीत आहे, ओलसर धान्याच्या पोत्यात हात घातला तर आत गरम लागतं. दाणेही साखर जाळतात, बुरशीही जाळते. पेशी ही साखर चुलीसारखी एकदम जाळत नाही, पायरी पायरीनं जाळते. त्यातल्या एका पायरीवर ‘सायटोक्रोम सी’ नावाचं छोटं प्रथिन देवाणघेवाण करतं. वनस्पतींच्या पेशींच्या श्वसनातही ते असतं, हे कमलाबाईंनी दाखवलं. चौदा महिन्यांचं काम, चाळीस पानांचा प्रबंध, १९३९ साली पीएच.डी. त्या ‘पहिल्या’ की दुसऱ्या, या वादात मला पडायचं नाही.

या प्रथिनाची गोष्ट तिथं संपली नाही. १९९६ साली अमेरिकेत लक्षात आलं, की माणसाची पेशी फार बिघडली की हेच सायटोक्रोम भट्टीतून बाहेर येतं आणि पेशीला ‘आता थांब’ असा निरोप देतं. श्वास चालवणारंच मरणाचा निरोप आणतं! कॅन्सरची पेशी हा निरोप ऐकत नाही, म्हणून आज त्यावर एवढं संशोधन चालतं.

मुंबईत परत आल्यावर कमलाबाईंनी विज्ञान संस्थेत आपल्या ताटातल्या गोष्टी तपासल्या : नीरा, गूळ, डाळी. कच्च्या कडधान्यांत प्रथिनांचं पचन अडवणारा पदार्थ असतो, तो शिजवल्यानं बराचसा जातो. तेव्हा वाल अर्धेकच्चे वाढू नका, झाला माझा आहाराचा विषय! नीरेच्या कामाला राष्ट्रपतींचं पारितोषिक मिळालं. संस्थेच्या संचालकपदासाठी मात्र चार वर्षं थांबावं लागलं.

आता माझं. मीही बायोकेमिस्ट्रीच शिकले, संशोधनाला नाव घातलं होतं. आमच्या प्रयोगात दर चार तासांनी नमुना काढावा लागे, रात्री दोनलाही. मुलींनी आठनंतर थांबायचं नाही, असा तिथला नियम होता. रात्रीचे नमुने बरोबरीचा मुलगा काढायचा, वहीत अक्षर त्याचं, म्हणून निबंधावर नावही त्याचंच पुढे. दोन वर्षांनी मी सोडलं. बघा, कमलाबाईंना रात्री यावं लागेल ही अट, आणि मला रात्री थांबता येणार नाही हा नियम. घरच्यांनी मला अडवलं नव्हतं, हेही सांगते. पण मीही कारण विचारलं नाही. हटून बसले नाही. ते अजून खुपतं.

हे आज का काढलं? तुमच्याच गावातल्या एका मुलीला एम.एस्सी.ला प्रवेश मिळतोय. कल्याण पुलापलीकडेच आहे, तिथवर घरच्यांनी जाऊ दिलं. पण हे पुण्याला आहे, हॉस्टेलवर राहावं लागेल. वडील नाही म्हणत नाहीत, ‘बघू’ म्हणतात. आजी म्हणते, आधी लग्न. फी भरायची मुदत शनिवारी संपते.

मी उद्या संध्याकाळी त्यांच्याकडे जाणार आहे. एकटी गेले तर बाहेरची बाई म्हणून चहा देऊन वाटेला लावतील. तुमच्यातल्या दोघीतिघी आल्या तर बरं. आजीशी बोलू शकेल अशी एखादी नक्की या.