उसने जिवाणू आणि खचलेले शरीर

आजचा विषय ऐकून काही जण नाक मुरडतील. निरोगी माणसाची विष्ठा तपासून, गाळून रुग्णाच्या आतड्यात सोडायची, असा हा उपचार आहे. १९५८ साली अमेरिकेत डॉ. बेन आयझमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी चार रुग्णांवरचा असा अनुभव प्रसिद्ध केला होता.

प्रतिजैविके रोगजंतूंबरोबर आतड्यातले उपकारक जिवाणूही मारतात. मोकळ्या शेतात तण माजावे तसा मग क्लॉस्ट्रिडिऑइड्स डिफिसिल हा जंतू माजतो आणि जुलाब काही केल्या थांबत नाहीत. अशा वेळी चांगले बियाणे पुन्हा पेरायचे, ही या उपचारामागची कल्पना. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या नेदरलँड्समधील चाचणीत १६ पैकी १३ रुग्ण पहिल्याच खेपेत बरे झाले.

पण कर्करोगाची औषधे घेणाऱ्या किंवा अवयव बदललेल्या माणसाचे काय? त्याची प्रतिकारशक्ती खचलेली असते. गंमत अशी, की अशांनाच हा जंतू गाठण्याचा धोका जास्त असतो. २०१४ साली अशा ८० रुग्णांचा आढावा प्रसिद्ध झाला. एकाच खेपेत ७८ टक्के बरे झाले. उपचारामुळेच झाला असे ठामपणे म्हणता येईल असा संसर्ग आढळला नाही. साऱ्यांना हायसे वाटले.

२०१९ साली मात्र अमेरिकेतून वाईट बातमी आली. एकाच दात्याच्या विष्ठेपासून केलेल्या कॅप्सूल घेतलेल्या दोन रुग्णांच्या रक्तात औषधांना दाद न देणारा ई. कोलाय जंतू शिरला. यकृताचा रुग्ण वाचला. मूलपेशींचे रोपण झालेला दुसरा रुग्ण दगावला. दाता ठणठणीत होता. त्या वर्षी जानेवारीपासून दात्यांची या जंतूसाठी तपासणी सुरू झाली होती. पण या कॅप्सूल त्याआधीच तयार होऊन साठवलेल्या होत्या. त्या पुन्हा तपासल्याच गेल्या नाहीत!

निरोगी आतड्यात जो जंतू मुकाट नांदतो, तोच दुबळ्या शरीरात आतड्याची भिंत ओलांडून रक्तात उतरतो. म्हणूनच अमेरिकेतील पोटविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०२४ साली भेद केला: वारंवार उलटणाऱ्या या संसर्गात प्रतिकारशक्ती थोडीफार कमी असेल तर हा उपचार विचारात घ्यावा, फारच खालावली असेल तर टाळावा.

तेव्हा डॉक्टरांना दोन प्रश्न जरूर विचारा. दात्याची कोणकोणती तपासणी झाली? आणि माझ्या शरीराला हे पेलवेल का? घरच्या घरी असले प्रयोग मात्र कुणीही करू नयेत.