घरांतील दमटपणा आणि मिठाची बरणी

मृगाचा पाऊस स्थिरावला कीं अंधेरी-बोरिवलीकडील गृहिणीस हवेचा दमटपणा कोणीं सांगावा लागत नाहीं. पापड सादळतो, कपाट उघडतांच कुबट वास येतो आणि मिठाच्या बरणींत तळाशीं पाणी सांचतें. या साक्षीदारांत मीठ सर्वांत विश्वासू. विशिष्ट उष्णमानास हवा जास्तींत जास्त जितकें बाष्प धरूं शकते तें १०० मानलें, तर आर्द्रता ७५ च्या वर जातांच शुद्ध मीठ बाष्प ओढून विरघळूं लागतें. खडेमीठ त्यांतील इतर क्षारांमुळें त्याच्याहि आधीं पाझरतें. घरांतील आर्द्रता मात्र ६० च्या आंत असावी, असें आरोग्याचे आणि ग्रंथरक्षणाचे जाणकार सांगतात. म्हणजे बरणींत पाणी दिसेपर्यंत ही मर्यादा केव्हांच ओलांडली गेलेली असते.

बुरशीचा तो पांढरा-हिरवा थर केवळ दिसण्यास ओंगळ आहे असें नाहीं. आजोबांच्या हस्ताक्षरांतील वही, जुनीं छायाचित्रें, पेटींतील पैठणी यांवर एकदां तिचा डाग पडला कीं तो सहसा जात नाहीं. गाद्या-उशांच्या धुळींत राहणारे सूक्ष्म जीवहि दमट हवेंतच फोफावतात. आणि घरांत दम्याचें मूल असेल तर श्रावणांतील रात्र कशी जाते, हें त्याच्या आईसच विचारावें.

उपनगरांचा पाऊस शहराच्या पावसाहून कधीं कधीं अगदीं निराळा असतो. २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझच्या वेधशाळेंत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, त्याच वेळीं कुलाब्यास तो सुमारें ७४ मिलिमीटर होता. असा दिवस विरळा, हें खरें. परंतु ज्या डोंगरांच्या कुशींत विहार आणि तुळशी हे तलाव आहेत, त्यांच्या दोन बाजूंस वसलेल्या बोरिवली-मुलुंडकरांस पाऊस थांबला तरी हवा वाळत नाहीं हा अनुभव नवा नाहीं.

या हवेस नुसतें दूषण देणेंहि कृतघ्नपणाचें होईल. १८५४ सालीं मुंबईंत पहिली कापडगिरणी स्थापन झाली. दमट हवेंत सूत कमी तुटतें, हा त्या धंद्यास या शहराचा एक मोठा लाभ मानला जाई. कागदाची गोष्ट उलट. १९०२ सालीं न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागांतील एका छापखान्यांत ओलसर हवेनें कागद फुगे, आणि एकावर एक छापावयाचे रंग जागेवर बसत नसत. विलिस कॅरिअर या तरुण अभियंत्यानें थंड नळ्यांवरून हवा नेऊन तिच्यांतील बाष्प काढण्याची योजना आंखली. आज ज्यास वातानुकूलन म्हणतात त्याचा हा उगम माणसास गारवा देण्यासाठीं नव्हे, कागद कोरडा राखण्यासाठीं होता!

डीह्यूमिडिफायर हें यंत्र त्याच कुळांतलें. गार पाण्याच्या तांब्यावर बाहेरून जसें दंव धरतें, तसें पंख्यानें ओढलेल्या हवेंतील बाष्प त्याच्या थंड नळ्यांवर जमून खालच्या भांड्यांत ठिबकतें. मग तीच हवा गरम नळ्यांवरून बाहेर येते. म्हणून हें यंत्र खोली गार करीत नाहीं, उलट थोडी तापवितें. ३०० वॅटचें यंत्र आठ तास सतत चाललें तर २.४ युनिट वीज खातें. कंप्रेसर नसलेलीं चिमुकलीं यंत्रें स्वस्त मिळतात, पण तीं खोलीच्या कामाचीं नव्हत; कपाटापुरतीं ठीक.

अमेरिकेंत सबंध घरास मिळून एकच यंत्र बसवितात, कारण तेथील पुष्कळ घरांत हवा खेळविण्याचे पत्र्याचे नळ मुळांतच घातलेले असतात. मुलुंड-घाटकोपरच्या दोन खोल्यांच्या बिऱ्हाडांत तसे नळ कोठून असणार? येथें एक खोली निवडावी हेंच शहाणपणाचें. तिचा थोडा हिशेब पाहूं. दहा फूट रुंद, बारा फूट लांब, नऊ फूट उंच खोलींत सुमारें ३० घनमीटर हवा मावते. ३० अंश सेल्सिअसला तिची आर्द्रता ९० असेल तर तिच्यांत सुमारें ८०० ग्रॅम बाष्प असतें, आणि ती ६० वर आणण्यास त्यांतील पाव किलोहून थोडेंच अधिक काढावयाचें. एवढेंसें पाणी! मग यंत्राचें भांडें रोज भरून कां वाहतें? कारण नवें पाणी येतच राहतें. धुलाईयंत्रांतून पिळून निघालेल्या पांच किलो कपड्यांत दोन-तीन लिटर पाणी उरतें. तें वलणीवरून सारें खोलीच्या हवेंत जातें. स्वयंपाकाचा गॅस एक किलो जळला कीं सुमारें दीड किलो पाण्याची वाफ होते, १४.२ किलोचें सिलिंडर संपेपर्यंत वीस लिटरांहून अधिक. आणि यंत्र चालू असतांना उघडी राहिलेली खिडकी तर खोली साऱ्या अरबी समुद्राशीं जोडून देते.

तेव्हां आधीं हे झरे आटवावे. स्वयंपाकघरांत हवा बाहेर फेंकणारा पंखा चालू ठेवावा. कपडे एकाच खोलींत वाळत घालून, दार लावून, यंत्र तेथें चालवावें. रात्रीं तें मुलाच्या निजण्याच्या खोलींत न्यावें. माणसांस श्वासास मोकळी हवा लागतेच. ती दिवसांतून थोडा थोडा वेळ घ्यावी आणि मग खिडकी लावून घ्यावी.

पूर्वीं बाळंतिणीच्या खोलींत शेगडी ठेवून बाळाचे लंगोट वाळवीत. हवा तापली कीं आर्द्रता उतरते, हें त्या उपायांतील शास्त्र बरोबरच आहे; पण त्या कौलारू घरांत फटींफटींतून वारा खेळे. आजच्या सरकत्या कांचांच्या बंद खोलींत पेटते निखारे ठेवणें प्राणघातक आहे, कारण त्यांतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वासहि नसतो.

भिंतच ओली असेल तर यंत्र काय करणार? प्लॅस्टिकचा हातभर तुकडा चारी कडा चिकटवून भिंतीवर दोन दिवस ठेवावा. त्याच्या भिंतीकडील अंगास पाणी दिसलें तर गच्ची किंवा नळ पाझरतो आहे. तेथें गवंडी बोलवावा. बाहेरील अंगास दिसलें तर दोष हवेचा.

आर्द्रता मोजण्याचें लहान यंत्र प्रत्येक खोलींत अवश्य असावें, पण त्याच्या आकड्यावर आंधळा विश्वास नको. बाटलीच्या बुचांत शुद्ध मीठ जेमतेम ओलें करून, तें बूच आणि मापकयंत्र हवाबंद डब्यांत रात्रभर ठेवावें. सकाळीं आकडा ७५ च्या आसपास यावा. ७० दाखविला तर पुढें त्या यंत्राच्या आकड्यांत पांच मिळवून वाचावें.

आश्विनांत वारे पालटून दुपारची हवा कोरडी होऊं लागली कीं यंत्र बंद करून खिडक्या उघडाव्या. भांडें पुसून, गाळणी धुऊन दोन्ही नीट वाळवावीं, नाहींतर पुढल्या ज्येष्ठांत यंत्रच कुबट वास घेऊन बाहेर येईल. पुस्तकें मात्र कडक उन्हांत पसरूं नयेत. सावलींत, पानांतून वारा जाईल अशीं उभीं उघडून ठेवावीं.