फवारलेली ओळ, न फवारलेली ओळ

सटाण्याकडे आमची डाळिंबाची बाग आहे. मृग बहाराचा माल रंगावर आला की रात्री चोर येतात. सकाळी फळावर टाचणीएवढं भोक दिसतं, दाबलं की रस येतो. चार दिवसांत फळ सडून खाली. हा रस शोषणारा पतंग. पुढचे पंख वाळक्या पानासारखे, मागचे नारिंगी. त्याची सोंड टोकाला कठीण आणि दातेरी असते, म्हणून डाळिंबाची सालही भोसकते.

आम्ही दरवर्षी फवारायचो. नुकसान कमी झालं की औषधाला शाबासकी, जास्त झालं की दुकानदाराला शिव्या. पण औषधामुळे कमी झालं, की त्या साली पतंगच कमी आले? हे कळणार कसं?

एका वर्षी दोन ओळी फवारल्या, दोन तशाच सोडल्या. नाना चिडले. "फवारणीचे पैसे वाचवायला बाग घालवतोस का?" त्यांचंही खरं होतं, सोसायटीचं कर्ज त्याच मालावर फिटायचं होतं. म्हणून प्रयोग चारच ओळींचा. पतंग डोंगराकडून येतात, कडेच्या झाडांना मार जास्त. त्यामुळे फवारलेली आणि न फवारलेली ओळ आलटून पालटून घेतली. वाऱ्याने औषध उडतं, म्हणून मधली एकेक ओळ मोजणीतून वगळली. गळालेली फळंही मोजली, नाहीतर हिशेब खोटा. शिवाय थोड्या झाडांवरची फळं पिकण्याआधीच कागदी पिशव्यांत बांधली.

रात्री आठला बॅटरी घेऊन नानाच आले. उजेडात पतंगांचे डोळे निखाऱ्यासारखे चमकत होते, फवारलेल्या ओळीतही! शेवटी भोकं दोन्हीकडे जवळपास सारखीच भरली. पिशवीतली फळं मात्र बहुतेक शाबूत.

कारण साधं आहे. सफरचंदाच्या कॉडलिंग मॉथचं नुकसान अळी करते. ती अंड्यातून निघून फळात शिरेपर्यंत औषधाला संधी मिळते. इथे नुकसान करतो तो मोठा पतंग. तो बाहेरून येतो, सोंड थेट आत घालतो आणि निघून जातो. सालीवरचं औषध त्याच्या पोटात फारसं जातच नाही. आणि माल तर तोडणीला आलेला! अशा वेळी फवारलं, तर औषधाचा अंश खाणाऱ्याच्या ताटात. जपानमध्ये बागायतदार या जातीच्या पतंगांना दूर ठेवायला रात्री पिवळे दिवे लावतात. आमच्याकडे रात्रीच्या विजेचा भरवसा नाही, तेव्हा पिशव्या, हातजाळी आणि गुळाचं विषारी आमिष. पिशव्या बांधायला मजूर लागतात, हा खर्च आहेच.

राहता राहिली अळी. ती बागेत नसते, ती गुळवेल आणि वासनवेलीवर वाढते. अंगावर डोळ्यांसारखे ठिपके असतात, चटकन ओळखू येते. बांधावरच्या वेली आम्ही काढल्या. पतंग लांबून उडत येतो, म्हणून एकट्याने काढून भागत नाही, शेजाऱ्यांनाही सांगितलं. तेव्हा एकाने आमच्याच अंगणाकडे बोट दाखवलं. २०२० मध्ये कोरोनात काढ्यासाठी वहिनींनी कुंपणावर गुळवेल चढवली होती. वहिनी काही ती उपटू देईनात. आता रोज सकाळी नाना चहाआधी तिची पानं उलटून बघतात.