उत्सवातले पाहुणे आणि यजमान
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी समारोहात केलेले भाषण)



सुवर्णमहोत्सवात मागे वळून पाहण्याचा प्रघात आहे. पन्नास वर्षांचा आढावा अहवालात आलाच आहे. मी आपणांपुढे ठेवणार आहे ती केवळ एका शनिवार-रविवारची हकीकत.

२०२३ साली २१ ऑक्टोबरच्या शनिवारी सप्तमी होती आणि रविवारी अष्टमी. कोलकात्यात त्या दोन दिवशी घरी कोण बसतो? मांडवामांडवांतून रोषणाई, ढाकाचा नाद, फुचकेवाल्यांभोवती गराडा, रोल आणि बिर्याणीच्या दुकानांपुढे रांगा! आपल्याकडे दसऱ्यापासून तमाशाचे फड बाहेर पडतात, तसा चितपूरच्या जात्रा-मंडळ्यांचा हंगामही याच सुमारास उभा राहतो.

त्या शनिवारी संध्याकाळी आपल्या सभागृहात भोंडला होता. पाटावर हत्ती काढलेला, खिरापतीचे सहा डबे झाकून ठेवलेले. आणि फेर धरायला मुली किती? चार! बाकीची सारी मुले मित्रमंडळींसह मांडव पाहत, खातपीत हिंडत होती. आम्ही ज्येष्ठ मंडळी रुष्ट झालो. मुले परकी झाली, असा निर्वाळा देऊन आम्हीच ती खिरापत संपवली. रात्री उशिरा परतलेल्या नातवाला मी चार शब्द सुनावले. तो शांतपणे म्हणाला, "आजोबा, उद्या तुम्हीच चला माझ्याबरोबर."

अष्टमीचा माझा उपवास असतो, तरीही गेलो. लांब नव्हे, आमच्याच पाड्यातल्या मांडवात. अंजली झाली, भोगाच्या पंगती बसल्या. खिचुडी, लाबडा, चटणी वाढली जाऊ लागली. मी संकोचून बाजूला उभा होतो. इतक्यात शेजारच्या वृद्ध मासीमा वाटी घेऊन आल्या. वाटीत भिजवलेला साबुदाणा, केळे आणि खोवलेले नारळ. बंगाली घरांत उपवासाला हा 'साबू माखा' करतात. त्या म्हणाल्या, "आज तुमचा उपवास ना? मला ठाऊक आहे."

बंधुभगिनींनो, ती वाटी हातात घेताना मी मनातून ओशाळलो. तीस वर्षे शेजारी राहून त्या माउलीने माझ्या उपवासाचा दिवस लक्षात ठेवला होता. आणि आम्ही? त्या तीस वर्षांत एकदाही तिला भोंडल्याला बोलावले नव्हते. आदल्या संध्याकाळी सहा डबे भरून खिरापत होती, पण ती खायला माणसे नव्हती. आणि पाड्यात माणसेच माणसे होती!

बंगालीत सार्वजनिक पूजेला 'बारोयारी' म्हणतात. हुगळी जिल्ह्यातील गुप्तिपाड्याच्या बारा मित्रांनी वर्गणी काढून देवीची पूजा मांडली, त्यावरून हा शब्द आला, असे सांगतात. धनिकांच्या वाड्यातला उत्सव असा लोकांचा झाला. पुण्यातही १८९३ साली घरातला गणपती चौकात आला. दोन्ही समाजांनी उत्सव दाराबाहेर आणला. परप्रांतात आल्यावर आपण मात्र तो पुन्हा सभागृहात नेला आणि दार लोटून घेतले. आपली भाषा, आपली गाणी टिकावीत, ही त्यामागची कळकळ खरी होती, हे मी नाकारीत नाही. परंतु जो उत्सव मुलांना मित्रांना दाखवता येत नाही, तो त्यांना आपला कसा वाटावा?

म्हणून या व्यासपीठावरून एकच सूचना करतो. आश्विनी पौर्णिमेला आपण कोजागरीचे दूध आटवतो, त्याच रात्री बंगाली घराघरांत कोजागरी लक्ष्मीपूजा असते. तिथी एक, चंद्र एक, 'कोण जागे आहे?' हा देवीचा प्रश्नही एकच. यंदा दुधाचे पातेले सभागृहात न ठेवता पाड्याच्या अंगणात ठेवू. त्यांचे नारळाचे नाडू, आपले केशरी दूध. वाढण्याचे काम मुलांकडे देऊ, आणि भोंडल्याची खिरापत ओळखायला शेजारच्या मुलींना बोलावू.

पन्नास वर्षे या शहराने आपल्याला पाहुण्यासारखे जेवू घातले. आता यजमानपण आपल्याकडे यावे. त्या मासीमांना मी स्वतः जाऊन निमंत्रण देणार आहे. आपणही प्रत्येकी एका घरी जावे, एवढीच विनंती करून आपली रजा घेतो.