आपल्या मंदिरांतील गायन: सुवर्णमहोत्सवी गायनवर्गाच्या आरंभीं केलेलें भाषण



आपल्या धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षांत गायकवृंदासाठीं एक वर्ग भरवावा, अशी सूचना पुढें आली तेव्हां आम्हांस मोठा संतोष झाला. हल्लीं अशा वर्गास कार्यशाळा म्हणतात. नांव कोणतेंही असो, त्याची आंखणी कोणत्या हेतूनें केली आहे व तो कसा चालवावयाचा आहे, हें आरंभींच स्पष्ट व्हावें, म्हणून आज आम्ही आपणांपुढें उभे आहों.

प्रथम एक कटु गोष्ट बोलणें प्राप्त आहे. आपल्या गायकवृंदाचें गायन वर्षानुवर्षें सुधारत गेलें आणि बाकांवरील लोकांचें गायन वर्षानुवर्षें मंदावत गेलें. वेदीपाशीं उभें राहिलें असतां हें जितकें स्पष्ट ऐकूं येतें, तितकें गायकांच्या जागेवरून येत नाहीं. ज्या वृद्ध भगिनी पूर्वीं पहिली ओळ सुरू होतांच आपण होऊन गाऊं लागत, त्या आतां ओठ मिटून उभ्या राहतात. गाणें नवें, सूर उंच, आणि ध्वनिवर्धक इतका मोठा कीं शेजाऱ्याचा काय, स्वतःचाही आवाज कानीं पडूं नये! गायकांनीं मन लावून मेहनत केली, यांत संशय नाहीं. परंतु ह्या मेहनतीचें फळ जर असें असेल कीं शंभर लोकांनीं ऐकावें आणि दहांनीं गावें, तर आपला वर्ग कितीही गाजला तरी तो व्यर्थच म्हणावा लागेल.

पवित्र ख्रिस्तसभेची ह्या बाबतींतील शिकवण संदिग्ध नाहीं. पोप दहावे पायस यांनीं २२ नोव्हेंबर १९०३ रोजीं, संत सिसिलियाच्या सणाच्या दिवशीं, पवित्र संगीताविषयीं आपला आदेश काढिला, तेव्हांच लोकांनीं उपासनेंत मनोभावें भाग घ्यावा हा हेतु त्यांनीं प्रकट केला होता. पुढें दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेनें ४ डिसेंबर १९६३ रोजीं उपासनाविषयक संविधान प्रसिद्ध केलें व त्याचें सहावें प्रकरण संपूर्णपणें संगीतास दिलें. त्यांत गायकवृंद काळजीपूर्वक जोपासावेत असें सांगितलें आहे, आणि त्याचबरोबर सर्व जनसमुदायानें आपला वांटा गाऊन उचलावा असेंही सांगितलें आहे.

हें कसें साधावें, याचा क्रम ५ मार्च १९६७ च्या संगीतविषयक सूचनापत्रांत पायरीपायरीनें लावून दिला आहे. पहिल्या पायरीवर धर्मगुरूंचें अभिवादन व त्यास लोकांचें उत्तर, शुभवर्तमानाच्या वेळचे जयघोष, ‘पवित्र, पवित्र’ हें स्तवन आणि प्रभूची प्रार्थना हीं मुख्य आहेत. दुसऱ्या पायरीवर दयायाचना, गौरवगीत व ‘देवाचें कोंकरूं’ इत्यादि येतात. प्रवेशगीत, अर्पणगीत व प्रसादगीत हीं तिसऱ्या पायरीवर आहेत. आणि पहिली पायरी वगळून वरच्या पायऱ्या चढूं नयेत, असाही दंडक घालून दिला आहे. आमची रीत याच्या नेमकी उलट आहे! प्रवेशगीताच्या तालमी महिनाभर चालतात, आणि धर्मगुरूंच्या अभिवादनास उत्तर मात्र पुटपुटल्यासारखें येतें.

म्हणून आपल्या वर्गाची योजना ह्याच क्रमानें केली आहे. एक सबंध दिवस गाऊन घसा थकविण्यापेक्षां तीन रविवारीं दुपारीं दोन-दोन तास जमावें, म्हणजे शिकलेलें मध्यंतरीं मुरतें. पहिल्या रविवारीं केवळ संवाद व ‘पवित्र, पवित्र’; दुसऱ्या रविवारीं दयायाचना, आलेलूया व प्रतिसाद-स्तोत्र; तिसऱ्या रविवारीं फक्त तीन गीतें, अधिक नाहींत. संवादाचा आरंभ धर्मगुरूच करितात; यास्तव पहिल्या रविवारीं आम्हीही विद्यार्थी म्हणून बाकावर बसणार आहों.

वर्गास गायकवृंदाखेरीज प्रत्येक आळींतून गायक नसलेलीं दोन माणसें बोलाविलीं आहेत; त्यांत एक तरी साठी उलटलेलें असावें अशी आमची विनंती आहे. हीं माणसें मिस्सेच्या वेळीं निरनिराळ्या बाकांवर विखरून बसतील. संकोची मनुष्य ध्वनिवर्धकाच्या मागें जात नसतो. तो शेजाऱ्याच्या मागें जातो.

दोन तासांची वांटणी अशी: आरंभीं पंधरा मिनिटें प्रार्थना व शास्त्रवाचन, नंतर पंधरा मिनिटें श्वास व आवाज यांची तयारी, चाळीस मिनिटें शिकवणी, दहा मिनिटें विश्रांति, तीस मिनिटें प्रत्यक्ष बाकांवर बसून सराव, आणि शेवटचीं दहा मिनिटें मौन. मौन कोणीं वगळूं नये. ज्याला मंदिरांत गप्प बसतां येत नाहीं, त्याला तेथें गातांही येत नाहीं.

शिकविणारानें प्रथम शब्द वाचावे व त्यांचा अर्थ सांगावा. मग पेटीवांचून एक ओळ स्वतः म्हणावी व सर्वांकडून म्हणवून घ्यावी. दोन ओळी बसल्यावर त्या जोडाव्या, आणि पेटी सर्वांत शेवटीं उघडावी. सूर लोकांच्या गळ्याकडे पाहून धरावा: पांढरी एक घेतली असतां वरच्या रिषभाच्या पलीकडे चाल सहसा जाऊं नये. गायकवृंदास त्याहून उंच जाणें सोपें असेल. पण दिवसभर शेतांत राबलेल्या किंवा लोकलगाडींत उभें राहून आलेल्या माणसास तें जड जातें. अलीकडे भ्रमणध्वनींतून ध्वनिमुद्रित साथ लावण्याची प्रथा पडत आहे, ती आपण टाळूं. वादक लोकांसाठीं थांबतो. यंत्र थांबत नाहीं.

पद्धतीचें महत्त्व पटण्यासाठीं एक उदाहरण सांगतों. अकराव्या शतकांत इटलींत ग्विदो नांवाचा एक मठवासी मुलांस मंदिरांतील गीतें शिकवीत असे. पाठांतरांत त्यांचीं वर्षेंच्या वर्षें जात, तरी गुरूवांचून एकही नवें गीत त्यांस म्हणतां येत नसे. ग्विदोनें योहान बाप्तिस्ताचें एक जुनें स्तवन घेतलें. त्यांतील पहिले सहा चरण एकापेक्षां एक चढत्या सुरांवर सुरू होतात. त्या चरणांचीं आद्याक्षरें घेऊन त्यानें उत, रे, मी, फा, सोल, ला अशी सुरांस नांवें दिलीं. मुलें तींच होतीं. वाट सोपी केली, तेव्हां तीं चालूं लागलीं.

आपल्या भाषेंतही असा एक गुरु होऊन गेला. येशूसंघी फादर थॉमस स्टीफन्स इ. स. १५७९ मध्यें गोव्यास आले व त्यांनीं सुमारे अकरा हजार ओव्यांचें ख्रिस्तपुराण रचून १६१६ सालीं रायतूर येथें छापविलें. ते इंग्रज होते. त्यांस युरोपांतील वृत्तें ठाऊक नव्हतीं असें नाहीं. परंतु ज्या ओवीवर येथील स्त्रिया जातें ओढीत आल्या, तीच त्यांनीं निवडिली, कारण ती लोकांच्या जिभेवर आधींच बसलेली होती. तेव्हां तिसऱ्या रविवारच्या तीन गीतांपैकीं एक तरी असें असूं द्या, कीं जें आपल्या आजीबाई न पाहतां म्हणतील.

कांहीं तरुणांची इच्छा आहे कीं महोत्सवाची मिस्सा चार आवाजांत व बाहेरील वाद्यवृंदासह व्हावी. त्यांचा उत्साह आम्हांस प्रिय आहे. प्रसाद-स्वीकारानंतर एक गीत त्यांनीं अवश्य चार आवाजांत गावें, आणि आम्ही सर्व तें मनोभावें ऐकूं. परंतु जें लोकांचें आहे तें लोकांपाशींच राहूं द्या. आज जे तरुण उत्तम गातात, ते उद्यां शिक्षणासाठीं, नोकरीसाठीं दूर जातील, आणि गेलेच पाहिजेत. सर्व गायन त्यांच्याच कंठांत साठविलें असेल, तर त्यांच्याबरोबर तेंही जाईल, आणि एखाद्या गरीबाच्या अंत्यविधीस दोन ओळी म्हणावयास कोणी उरणार नाहीं. बाकांवर साठविलेलें गायन मात्र कोठें जात नाहीं.

वर्गाची परीक्षा महोत्सवाच्या दिवशीं होणार नाहीं. त्या दिवशीं सर्वच गातात. महोत्सव उलटल्यावर येणाऱ्या पहिल्या साध्या रविवारीं, सकाळच्या पहिल्या मिस्सेस, प्रवेशगीताच्या दुसऱ्या कडव्याला गायकवृंदानें थांबावें, वादकानें पेटीवरचा हात उचलावा आणि सर्वांनीं कान द्यावा. बाकांवरून गाणें पुढें चालूं राहिलें, तर आपले तीन रविवार सार्थकीं लागले असें समजूं. न राहिलें, तर कोणास बोल न लावितां पुन्हां पहिल्या रविवारापासून आरंभ करूं.

संत सिसिलियेच्या मध्यस्थीनें प्रभु आपल्या ह्या कार्यास आशीर्वाद देवो.