अमेरिकेंत लोकमताची पेरणी कोठें होते?



अमेरिकेचें नांव आपल्या घरांना नवें नाहीं. जोतीराव फुल्यांनीं 1873 सालीं ‘गुलामगिरी’ हें पुस्तक काढलें, तें गुलामांच्या मुक्ततेसाठीं झटलेल्या अमेरिकेंतील भल्या लोकांना अर्पण केलें होतें. त्या देशांत 1865 सालीं गुलामगिरी कायद्यानें बंद झाली. परंतु काळ्या माणसाविषयीं गोऱ्याच्या मनांत जें मत होतें, तें कांहीं त्या कागदानें धुऊन निघालें नाहीं. पुढें शंभर वर्षें त्याचा जाच चालूच राहिला. कायदा एका दिवसांत बदलतो, मग मत बदलायला पिढ्या कां लागतात, हा आमचा आजचा विषय आहे.

लोकमत म्हटलें कीं आपल्याला सभा, निवडणूक आणि वर्तमानपत्रें आठवतात. पेरणी फार आधीं झालेली असते. 1958 सालीं फ्रेड ग्रीनस्टाइन या विद्वानानें न्यू हेवन शहरांतील चौथी ते आठवीच्या मुलांना प्रश्न विचारले. कायदेमंडळ काय करतें हें लहान मुलांना धड सांगतां येईना. राष्ट्राध्यक्ष मात्र ठाऊक होता, आणि तो भला माणूस आहे असा त्यांचा समज होता. आणखी गंमत अशी कीं, नऊ-दहा वर्षांचीं पोरेंहि पुष्कळशीं आपण डेमोक्रॅटिक किंवा रिपब्लिकन पक्षाचीं म्हणून सांगत. दोन पक्षांत फरक काय, हें विचाराल तर उत्तर नाहीं!

हा पक्ष आला कोठून? घरांतून. बाप जेवतांना कोणाला शिव्या देतो, आई कोणाचें नांव आदरानें घेते, तें पोर ऐकत असतें. आपल्याकडे सुताराचें पोर बापाच्या हाताकडे पाहूनच रंधा धरायला शिकतें, तसेंच हें. 1965 सालीं जेनिंग्ज व नीमी यांनीं शाळेच्या शेवटच्या वर्गांतील मुलांना व त्यांच्या आईबापांना वेगवेगळें गांठून प्रश्न विचारले. पक्षाच्या बाबतींत घरचा वारसा स्पष्ट दिसला. इतर पुष्कळ प्रश्नांवर मात्र मुलें बापाचीच री ओढतात असें दिसलें नाहीं. म्हणजे घराच्या बाहेरहि कोणी तरी पेरीत असतें. येथें शाळा येते, आणि आम्ही शिक्षक असल्यामुळें येथें जरा थांबणार आहों.

अमेरिकेंतील पुष्कळ शाळांत सकाळीं मुलें झेंड्याकडे तोंड करून निष्ठेची शपथ म्हणतात. ही शपथ 1892 सालची. कोलंबसाच्या सफरीला 400 वर्षें झालीं, त्या उत्सवासाठीं फ्रान्सिस बेलामी यांनीं ती लिहिली. नाना देशांतून आलेल्यांचीं मुलें एका राष्ट्राचीं व्हावीं, हा हेतु कांहीं वाईट नव्हे. पण ‘जिहोवाज विटनेस’ पंथाच्या मुलांनीं झेंड्याला सलाम करणें धर्माविरुद्ध म्हणून नाकारलें, तेव्हां त्यांना शाळेंतून काढलें, आणि 1940 सालीं सर्वोच्च न्यायालयानेंहि शाळेचीच बाजू घेतली. 1943 सालीं, महायुद्ध ऐन भरांत असतां, त्याच न्यायालयानें तो निकाल फिरविला. कोणाहि मुलाकडून सक्तीनें शपथ म्हणवून घेतां येणार नाहीं असें ठरलें. सक्ती करणें आणि सक्तीला नकार देणें, हीं दोन्ही त्या देशाचीं राजकीय वळणें आहेत, हें ध्यानांत ठेवा.

शपथेपेक्षां पाठ्यपुस्तक खोल जातें. दक्षिणेकडील प्रांत गुलामगिरी राखण्यासाठीं लढले आणि हरले. रणांत हरलेल्यांच्या लेकींनीं मग पुस्तकांवर पहारा बसविला. ‘युनायटेड डॉटर्स ऑफ द कॉन्फेडरसी’ ही त्यांची संस्था 1894 ची. तींतील मिल्ड्रेड रदरफोर्ड बाईंनीं 1920 च्या सुमारास पाठ्यपुस्तकें पारखण्याची एक मोजपट्टीच छापली. दक्षिण गुलामांसाठीं लढली असें लिहिणारें पुस्तक नाकारा, गुलामांचे धनी क्रूर होते असें सांगणारें नाकारा, असा तिचा रोख. अशा पुस्तकांवर वाढलेला माणूस काळ्याला मताधिकार नको म्हणे, तेव्हां तो मुद्दाम खोटें बोलत नसे. शाळेंत घोकलेला धडाच म्हणून दाखवीत असे. लेखणी एकाच्याच हातीं राहिली म्हणजे काय होतें, हें आपल्याला परक्यानें सांगायला नको.

बरें, पुस्तक कांहींहि सांगो, चूलहि शिकवीतच असते. केंटकी प्रांताच्या पूर्वेकडील डोंगराळ, दरिद्री मुलखांतील मुलांची पाहणी 1968 सालीं प्रसिद्ध झाली. त्या मुलांना राष्ट्राध्यक्ष तितकासा भला वाटत नव्हता!

मग जुनें वळण मोडतें कसें? आमच्या मतें याचें उत्तर जॉन्स बेटावर सांपडतें. दक्षिण कॅरोलिनांत, चार्ल्सटन शहराजवळ हें बेट आहे. मतदारयादींत नांव घालायचें तर घटनेंतील उतारा वाचून दाखवावा लागे. वाचतां येत नाहीं म्हणून मत नाहीं, आणि मत नाहीं म्हणून धड शाळा नाहीं! इसॉ जेंकिन्स हे गृहस्थ बेटावरून शहरांत कामगारांची ने-आण करणारी बस चालवीत. ते वाटेनें उतारूंकडून घटना पाठ करवून घेऊं लागले. 1957 च्या जानेवारींत, शेतीचीं कामें मंद असतां, सहकारी दुकानाच्या मागच्या खोलींत रात्रीचा वर्ग सुरू झाला. प्रौढ विद्यार्थी 14. शिक्षिका बर्निस रॉबिन्सन धंद्यानें बायकांची केशरचना करणाऱ्या व कपडे शिवणाऱ्या. शिक्षकीचें शिक्षण नाहीं. त्यांना मुद्दामच निवडलें होतें. शिकलेला मास्तर पिकल्या केसांच्या माणसाला पोरासारखें वागवील, ही धास्ती होती. आम्ही ट्रेनिंग कॉलेजांतून आलेले; ही धास्ती निराधार होती असें आम्हांला म्हणवत नाहीं.

बाईंनीं आधीं विचारलें, तुम्हांला काय शिकायचें आहे? कोणाला सही करायची होती, कोणाला दूरच्या लेकराचें पत्र वाचायचें होतें, कोणाला मनिऑर्डरीचा कागद भरायचा होता. तेथून सुरुवात करून वर्ग घटनेपर्यंत पोंचला. नांव लिहितां आलें तसा माणूस कचेरींत मान वर करून बोलूं लागला. मत असणें म्हणजे काय, हें त्याला तेव्हां कळलें.

1961 सालीं मार्टिन ल्यूथर किंग यांच्या संस्थेनें हे वर्ग हातीं घेतले आणि ते दक्षिणभर पसरले. 1965 च्या मताधिकार कायद्यानें दक्षिणेंतील वाचनपरीक्षेची अट उठली. गोऱ्यांचें मतहि हळूहळू हललें. काळ्या-गोऱ्यांचा विवाह पसंत आहे काय, असें गॅलप संस्थेनें 1958 सालीं विचारलें, तेव्हां शेंकडा 4 जण होय म्हणाले. 2021 सालीं शेंकडा 94. कांहींचीं मनें पालटलीं, आणि कांहीं जुने लोक जाऊन नव्या वळणाचीं मुलें मोठीं झालीं.

त्या वर्गांची आंखणी करणाऱ्या सेप्टिमा क्लार्क या स्वतः चाळीस वर्षें शिक्षिका होत्या. काळ्या लोकांच्या हक्कांसाठीं झगडणाऱ्या संस्थेचें सभासदत्व सोडीनात, म्हणून 1956 सालीं त्यांची नोकरी गेली होती. वीस वर्षांनीं, 1976 सालीं, प्रांताच्या गव्हर्नरानें तो अन्याय होता असें कबूल करून त्यांचें पेन्शन चालू केलें. आणि उतारवयांत त्या चार्ल्सटनच्या शाळामंडळावर लोकांच्या मतांनीं निवडून आल्या.